दाढीच्या साबणाची वडी: अथणीत वेगळी, जांबोटीत वेगळी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अथणीत चार वर्षं नोकरी केलीत, तेव्हा दाढीच्या साबणाची गोल वडी फिरकीच्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवत होता आणि काही बिघडलं नाही. जूनमध्ये खानापूर तालुक्यात जांबोटीला बदली झाली. डबी तीच, साबण तोच, पण पंधरा दिवसांत खाली लगदा, कडेला काळे ठिपके आणि झाकण काढलं की ओल्या फडक्याचा वास. आता विचारताय की कडक साबण ठेवायला कुठली डबी घेऊ. पितळेची वाटी बरी की चिनी मातीची?

डबीवर येतोच. पण तुम्हीच सांगितलंत की साबण बदलला नाही, डबी बदलली नाही. बदललं ते गाव. म्हणजे नवी डबी आणून हे सुटायचं नाही. दाढी झाल्यावर वडीवर जे पाणी राहतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जाणार कुठे, हा खरा प्रश्न आहे. अथणीत ते हवेत जात होतं. तुम्ही झाकण लावण्याआधी वडी बरीचशी सुकलेली असायची, तुमच्या लक्षातही यायचं नाही. जांबोटीत जुलैमध्ये हवाच पाण्याने गच्च भरलेली. ती आणखी पाणी कुठे घेणार? मग ते वडीतच मुरतं, आणि वरून तुम्ही झाकण आवळता.

मी न्हावी आहे. बेळगावात कॅम्पाच्या बाजूला आमचं दुकान, आप्पांनी काढलेलं. १९८४ पासून मी तिथे उभा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधले जवान, निवृत्त सुभेदार, शनिवारच्या गर्दीत खेड्यातून बाजाराला आलेले शेतकरी, अशी आमची गिऱ्हाइकं. आता दुकानात क्रीमची ट्यूबच चालते, पण माझी स्वतःची दाढी आजही वडीवर होते. सांगतो ते एवढ्या अनुभवावरून. तुमची खोली, तुमचं न्हाणीघर, खिडकी कुठल्या बाजूला उघडते हे मी बघितलेलं नाही, तेव्हा काही गोष्टी तुम्हालाच ताडून बघाव्या लागतील.

वडी कडक असते म्हणून लोक तिला दगडासारखी वागवतात. अंघोळीचा साबण बहुधा कॉस्टिक सोड्यावर केलेला असतो, त्याने साबण घट्ट होतो. दाढीच्या साबणात सोड्याच्या जोडीला पोटॅश असतं आणि स्टिअरिक आम्लाचं प्रमाण भरपूर. पोटॅशचा साबण मऊ, पाण्यात पटकन विरघळणारा. म्हणून ओला ब्रश चार वेळा फिरवला की फेस उठतो. स्टिअरिकमुळे तो फेस दाट होतो आणि वस्तरा गालावरून जाईपर्यंत बसत नाही. त्यात ग्लिसरीन, जे कातडी मऊ ठेवतं. आता गंमत बघा की, दाढी चांगली व्हावी म्हणून घातलेल्या ह्यातल्याच दोन गोष्टी ठेवताना त्रास देतात. पोटॅशचा साबण साचलेल्या थेंबभर पाण्यातही विरघळत राहतो, आणि ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात न वापरलेल्या वडीवरही बारीक घामासारखे थेंब दिसतात ते त्याचेच. म्हणून 'माझा अंघोळीचा साबण तर तिथेच छान राहतो' हा हिशेब इथे लागू होत नाही.

आणि आपला बेळगाव जिल्हा म्हणजे एक जिल्हा नव्हेच. पश्चिमेला कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे पाऊस सुरू झाला की दिवस आणि रात्र वेगळी कळत नाही. बेळगाव शहर साडेसातशे मीटर उंचीवर, इथे रिपरिप आणि गारठा. तिथून निपाणी-चिकोडीकडे उतरत गेलात की ढग विरळ, आणि अथणी तर पर्जन्यछायेतला भाग. तुम्ही दीडशेहून अधिक किलोमीटर आलात, तेही कोरड्यातून थेट घाटमाथ्यावर. एकाच जिल्ह्यातल्या दोन गिऱ्हाइकांना मी एकाच दिवशी उलटसुलट सल्ला दिलेला आहे. अथणीच्या माणसाला सांगितलं झाकून ठेवा, खानापूरच्या माणसाला सांगितलं झाकण फेका. शेजारच्या खुर्चीवर बसलेला म्हणाला, काका, एकाला तरी खरं सांगा की.

तर आपल्या घरात साबण झाकायचा की उघडा ठेवायचा हे कसं ओळखावं? त्याला यंत्र लागत नाही. स्वयंपाकघरातलं मीठ बघा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून पाझरायला लागतं. खडे मीठ त्याच्याही आधी, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ज्या दिवसापासून मिठाच्या बरणीत चमचा ओला होतो, त्या दिवसापासून साबणाची डबी बंद करायची नाही. मीठ पुन्हा सुटं झालं की झाकण लावायला हरकत नाही. पुडीतलं बारीक मीठ चिकटू नये म्हणून त्यात काहीबाही मिसळलेलं असतं, ते उशिरा सांगतं. तेव्हा एका वाटीत चार खडे टाकून ठेवा.

आता रोजचं काम. दाढी झाली की वडीवर फेस राहतो. काही लोक तो तसाच सुकू देतात, म्हणतात दुसऱ्या दिवशी फेस लवकर येतो. उन्हाळ्यात अथणीत चालेल. तुमच्याकडे नको. त्या फेसात नुसता साबण नसतो. ब्रश गालावरून परत वडीवर आला असेल तर त्यात कातडीचा मळ आणि केसांचे तुकडे असतात, आणि बुरशी धरते ती बहुतेक त्या मळावर. चांगला साबण अल्कधर्मी असतो, त्याच्यावर सहसा काही वाढत नाही. म्हणून वडी गार पाण्याखाली एकदाच, दोन सेकंद, धरा. गरम पाणी नको, गरम पाण्याने वरचा थर विरघळतो. मग उलटी करून झटका द्या आणि तळहाताने निपटून काढा. पंच्याने पुसलीत तर पंच्याचे धागे चिकटतात, ते दुसऱ्या दिवशी गालावर येतात. तळहात बरा. त्यानंतर वडी आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवा, म्हणजे दोन्ही तोंडांना हवा लागेल. एवढं केलंत तरी तुमचा अर्धा लगदा कमी होईल.

उभी ठेवायची कशावर? इथे आमच्या आप्पांची एक युक्ती आहे. परसात घोसाळ्याचा वेल असायचा. दोन-तीन घोसाळी जून होऊ द्यायची, वेलावरच वाळू द्यायची. साल काढली, बिया झटकल्या की आत जाळीदार काथ्या राहतो. अंग घासायला आपण वापरतो तोच. त्याची बोटभर जाडीची चकती कापायची आणि स्टीलच्या ताटलीत ठेवून वर साबण. पाणी जाळीतून खाली उतरतं, वडी पाण्यात बसत नाही आणि खालूनही हवा खेळते. चकती गुळगुळीत झाली की गरम पाण्यात पिळून काढायची, नाहीतर नवी कापायची. घोसाळं नसेल तर चहाची जुनी गाळणी वाटीवर ठेवा, तिच्यात वडी नीट बसते. बाजारात जाळीदार साबणदाण्या मिळतात त्याही चालतील, फक्त त्यांच्या तळाला भोक आहे का बघून घ्या. बऱ्याच साबणदाण्यांना वर नक्षी असते आणि खाली पाणी साठायला तळं.

जागा मात्र डबीपेक्षा महत्त्वाची. न्हाणीघरात दाढीचं सामान ठेवायची आपली पद्धत, आणि तीच सगळ्यात वाईट. सकाळी बंब पेटतो, चार माणसं कढत पाण्याने अंघोळ करतात, भिंतींना पाणी सुटतं. त्या वाफेत वडी सुकणार कशी? आमच्या आजीच्या वेळी चुलीजवळच्या फडताळात दोन गोष्टी हमखास असायच्या, पापडाचा डबा आणि काडेपेटी. पावसात काडेपेटी सादळली की चूल पेटत नाही, म्हणून घरातली सगळ्यात कोरडी जागा बायकांनी कधीच शोधून ठेवलेली असते. तुमच्या घरात काडेपेटी कुठे ठेवतात ते विचारा आणि साबण त्याच फळीवर नेऊन ठेवा. गॅस असेल तर शेगडीच्या वरची फळी नको, फोडणीचा वास साबणाला लागतो. हिंगाच्या वासाची दाढी मी एकदा केलेली आहे. फ्रिज असेल तर त्याच्या डोक्यावर, मागच्या बाजूला ठेवा. मागून गरम हवा वर येते, तिथे रात्रभरात वडी खडखडीत होते. मी स्वतः पावसाळ्याचे चार महिने तिथेच ठेवतो. घरात त्यावरून बोलणी बसतात तो भाग वेगळा.

एवढ्यानेही जुलैच्या झडीत चोवीस तासांत वडी पूर्ण सुकली नाही, तर दोन वड्या ठेवा. एक आज, दुसरी उद्या. ही काही चैन नव्हे. दुकानात पूर्वी सगळं वडीवरच चालायचं, तेव्हा सकाळी ओली झालेली वडी रात्रीपर्यंत ओलीच राहायची आणि बघता बघता झिजायची. आप्पांच्या धोकटीत म्हणून कायम तीन वड्या असायच्या. आज जिला पाणी लागलं तिला दोन दिवस विश्रांती. सोमवारची, मंगळवारची, बुधवारची अशी त्यांची त्यांना माहीत. मला वाटायचं म्हातारपणाचा हट्ट आहे. मग एका पावसाळ्यात मी एकच वडी सलग वापरली आणि महिनाअखेर हिशेब केला, तेव्हा गप्प बसलो. घरी एका माणसाला रोजच्या दाढीला जेमतेम ग्रॅमभर साबण लागतो, त्या मानाने नीट सुकणारी वडी महिनोन्‌महिने पुरते. ती लवकर संपते तेव्हा बहुधा गालावर कमी आणि डबीत जास्त गेलेली असते.

आता भांड्यांचं. पितळेची वाटी घेऊ का म्हणता. दिसायला देखणी, पण घ्यायची तर कल्हई केलेली घ्या. कल्हई गेलेल्या पितळेत ताक ठेवलं की कळकतं हे तुम्हाला माहीत आहे, साबणाचंही जवळजवळ तसंच. ओला साबण पितळेला टेकून राहिला की तांब्याचा अंश उतरतो, खालची बाजू हिरवट होते. नुसता रंग असता तरी सोडून दिलं असतं, पण तांबं आणि लोखंड साबणातल्या तेलांना लवकर खवट करतात. गंजलेल्या पत्र्याच्या डबीतल्या साबणावर नारिंगी-तपकिरी ठिपके दिसतात आणि जुन्या तेलासारखा वास येतो, ते हेच. फेस करायला पितळी वाटी वापरा, लगेच धुऊन पुसा. राहायला नको.

चिनी माती उत्तम, काचही उत्तम. दोन्ही साबणाशी काही भांडत नाहीत. स्टील तितकंच चांगलं, शिवाय हातातून पडलं तर फुटत नाही. सकाळी सहाला ओल्या हाताने दाढी करणाऱ्याने ह्याचा विचार करावा. लाकडी वाटी मी कुणाला सुचवत नाही. एका गिऱ्हाइकाने सावंतवाडीची लाखेच्या रंगाची सुंदर वाटी हौसेने आणली होती. लाख शाबूत होती तोवर ठीक चाललं. ब्रश घासून घासून तळाची लाख उडाली, लाकूड पाणी प्यायलं, पावसाळ्यात बुरसलं आणि मार्चमध्ये उभं चिरलं. शोभेची वस्तू होती, शोभेलाच राहायला हवी होती.

मातीच्या वाटीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तुम्ही खानापूर तालुक्यात आहात आणि कुणीतरी तुम्हाला ती सुचवणारच. खानापूरची माती नावाजलेली, कौलं आणि भांडी तिथून लांब लांब जातात. झिलई नसलेली भाजक्या मातीची उथळ वाटी साबणाखाली ठेवली तर माठासारखीच वागते. खालचं पाणी शोषून घेते आणि बाहेरच्या अंगाने हवेत सोडते. चिकोडी, रायबाग, अथणी ह्या पट्ट्यात ह्याच्याइतकी चांगली साबणदाणी नाही. पण माठ गार कधी होतो? हवा कोरडी असेल तेव्हा. तुमच्याकडे पावसाळ्यात माठ जसा नुसता ओला राहतो, तशी ही वाटीही ओली राहते, आणि साबण ओल्या मातीवर बसून राहतो. खानापूरची माती खानापूरच्याच पावसात हरते. शिवाय तिची छिद्रं साबणाने बुजतात, तेव्हा महिन्यातून एकदा कढत पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवायला लागते. ते ऊन तुम्ही आणणार कुठून? दिवाळीनंतर जरूर घ्या.

राहिली तुमची प्लॅस्टिकची डबी. तिचा दोष एवढाच की ती काम चोख करते. आत कोरडं ठेवलंत तर कोरडं ठेवते, ओलं ठेवलंत तर ओलं. प्रवासाला हीच हवी, पण मुक्कामाला पोचलात की पहिलं काम तिचं झाकण काढायचं. फौजेतले लोक ट्रंकेत वडी सुती फडक्यात गुंडाळून न्यायचे. फडकं ओलावा ओढतं आणि वाळतंही. लांबच्या एसटीला ते डबीपेक्षा बरं.

एक बारीक गोष्ट, पण लगदा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. नवी वडी वाटीत घट्ट बसते. वापरून, सुकून ती आक्रसते आणि कडेला फट पडते. त्या फटीतून पाणी खाली जातं. वरून बघाल तर वडी कोरडी ठणठणीत, आणि उचलायला गेलात तर खाली खीर. ज्यांना फेस वडीवरच करायची सवय आहे आणि वाटी सोडायची नाही, त्यांनी वडी किसणीवर किसावी, चमचाभर कोमट पाणी शिंपडून कीस वाटीत अंगठ्याने ठासून बसवावा आणि दोन दिवस उघडा ठेवावा. फट राहत नाही. किसणी स्वयंपाकघरातली घेणार असाल तर आधी विचारून घ्या. पण तुम्हाला मी पावसाळ्यापुरतं वेगळंच सांगेन: साबण राहतो ती जागा आणि फेस होतो ती जागा निराळी ठेवा. ओला ब्रश वडीवर पंधरा-वीस वेळा फिरवून साबण उचला, वडी बाजूला चकतीवर ठेवा आणि फेस रिकाम्या वाटीत करा. वडीला पाणी लागतं ते तेवढंच.

आता तुरटी. ही चूक मी स्वतः केलेली आहे. दुकानात लागून मला वर्षही झालं नव्हतं. रात्री आवरताना ओला तुरटीचा खडा मी साबणाच्याच डब्यात टाकला, दोन्ही दाढीच्याच वस्तू म्हणून. सकाळी पहिलंच गिऱ्हाईक एक सुभेदारसाहेब, त्यांना साडेसातला परेडवर हजर व्हायचं. मी ब्रश फिरवतोय, फिरवतोय, फेस काही येईना. वडीवर मेणचट पांढरी साय धरलेली, ब्रशला ती चिकटलेली, आणि साहेब आरशातून माझ्याकडे बघतायत. आप्पांनी काही न बोलता माझ्या हातातून ब्रश घेतला, दुसरा दिला, दुसरी वडी दिली. बोलले ते दुकान बंद झाल्यावर, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. ते साबणाला भेटलं की पाण्यात न विरघळणारा चिकट साका होतो, मग फेस कसला? वरचा थर चाकूने खरवडला की खालची वडी चांगली असते, तेव्हा फेकू नका. पण तुरटी वेगळ्या वाटीत, आणि तुरटी लावलेले हात न धुता साबणाला लावू नका. तुमच्या काळ्या ठिपक्यांबरोबर असा मेणचट थर असेल तर तुरटी कुठे ठेवता ते आठवा.

जड पाण्याचंही असंच होतं, तिथे कॅल्शियम असतं. गोकाककडचा एक शेतकरी दर महिन्याला वडी बदलून मागायचा आणि स्वतःच कानडीत म्हणायचा, 'नीरु सरी इल्ल.' पाणी बरोबर नाही हे त्याला कळत होतं, पण राग साबणावर काढायचा. त्याच्या बोअरच्या पाण्यात जो फेस उठत नव्हता तो दुकानात, राकसकोप धरणाच्या पाण्यात, दोन मिनिटांत उठायचा. बोअरचं पाणी असेल तर वडीवर राहणारा पांढरा खरखरीत थर बुरशी नव्हे, तो क्षारांचा साका आहे. आठवड्याला एकदा ओल्या बोटाने चोळून काढा. पावसाचं धरलेलं पाणी दाढीला उत्तम, आणि त्याची तुम्हाला तरी वाण नाही.

घरात साबण आणि ब्रश कुणाशी वाटून घेता का, तुम्ही लिहिलेलं नाही. पूर्वी दुकानात एकाच वडीवर पन्नास माणसांची दाढी व्हायची, आणि एकाच्या हनुवटीवरचे फोड दुसऱ्याच्या गालावर जायचे. आम्ही क्रीमकडे वळलो त्याचं मोठं कारण हेच. घरात भाऊ किंवा मुलगा असेल आणि कुणाच्या दाढीत पुटकुळ्या असतील तर वडी आणि ब्रश वेगळे. ब्रशही पिळून, झटकून त्याच कोरड्या फळीवर. ओल्या ब्रशवर वडी किंवा वडीवर ओला ब्रश टेकवून ठेवू नका, एवढं पाळलं तरी पुरे.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगतो. फेब्रुवारीपासून हवा कोरडी झाली की उलट तक्रार सुरू होते: वडीला भेगा पडतात, वास उडतो, फेस यायला वेळ लागतो. तेव्हा सकाळी वडी सुकू द्या आणि दुपारनंतर झाकण लावा. दाढीच्या आधी पाच मिनिटं वडीवर चमचाभर कोमट पाणी घालून ठेवा, मग ते पाणी ओतून न देता गालाला लावा, त्यात साबण उतरलेला असतो. भेगा पडल्या म्हणून साबण खराब होत नाही. पावसाळ्यात मात्र हे भिजवणं बंद.

न वापरलेल्या वड्या वेष्टनातच, कपड्यांच्या कपाटात. वर्षभर मुरलेली वडी नवीपेक्षा कडक होते आणि कमी झिजते, म्हणून आप्पा दिवाळीला घेतलेल्या वड्या पुढच्या मिरगाला काढायचे. माळ्यावर ठेवू नका, उंदीर साबण कुरतडतात. आणि सुकायला म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवणार असाल तर जाळी असलेली खिडकी निवडा. कावळ्याला साबणाचा काय मोह आहे कोण जाणे, पण माझी एक जवळजवळ कोरी वडी समोरच्या नारळावर बसून खाल्लेली मी डोळ्यांनी बघितलेली आहे.

तुमची लगदा झालेली वडी अजून टाकली नसेल तर वास घेऊन बघा. ओल्या फडक्याचा वास येत असेल तर ती वाचते. खवट तेलाचा येत असेल आणि आतपर्यंत नारिंगी ठिपके असतील तर तिचा मोह सोडा, भांडी घासायलाही नको. वाचणारी असेल तर खालचा मऊ थर सुरीने काढून टाका, काळे ठिपके आहेत तिथे आणखी दोन मिलिमीटर खोल जा, गार पाण्याने एकदा धुवा आणि फ्रिजवर गाळणीत कडेवर उभी ठेवा. आठ-दहा दिवस हात लावू नका, तोवर दुसरी वापरा. नखाने दाबून खळगा पडेनासा झाला की ती परत कामाला येईल, पूर्वीपेक्षा लहान पण तशीच फेसाळ. डबी गरम पाण्यात घासून पालथी घालून ठेवा. दसऱ्यानंतर मीठ सुटं झालं की लागेल.